अमृताच्या ताटाशेजारची नरोटी : फॅनलेखनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. गेली सहा वर्षं आम्ही एक वही फिरवतो, आता अकरा जण आहोत. आवडत्या गोष्टींमध्ये आपापली पात्रं सोडायची, एकमेकांना दाखवायची, जमलं तर पुढे न्यायची, एवढाच उद्योग. परभणी, जालना, उदगीर, नांदेड, अंबाजोगाई असा वहीचा फेरा असतो. कधी ती एसटीच्या पार्सलने जाते, बहुतेक वेळा कुणाच्या तरी पिशवीतून. ऐकणारा प्रत्येक जण तेच तेच विचारतो, म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहून काढली.

फॅनलेखन म्हणजे नेमकं काय करता तुम्ही?

गोष्ट संपते, पण आपल्या डोक्यातून जात नाही. शेरलॉक होम्सच्या दारात कोण कोण आलं ते आपण वाचलेलं असतं. जो आलाच नाही, त्याला आम्ही आणतो. पोरं नारुतो या जपानी कॉमिकच्या जगात आपापला निंजा घालतात, कुणी महाभारतातल्या छावणीत एखादा घोड्यांची चाकरी करणारा पोरगा उभा करतं.

दोन-तीन शब्द कानावर पडतील, ते सांगून ठेवते. मूळ लेखकाने छापलंय ते ‘कॅनन’. त्या जगातलं, पण आपण जन्माला घातलेलं पात्र म्हणजे ‘ओसी’. आणि पुस्तकात कुठेच नसलेली, पण आपल्याला शंभर टक्के पटलेली गोष्ट म्हणजे ‘हेडकॅनन’. आमच्यातल्या एकाचं ठाम मत आहे की वॉटसन घोरतो आणि होम्स त्या घोरण्यावरून उद्याचा पाऊस ओळखतो. वाद घालून उपयोग नाही.

हे इंग्रजी शाळेतल्या पोरांचं खूळ आहे ना?

नाव इंग्रजी आहे. काम आपल्या आज्यांनी केलेलं आहे.

गंगाखेड आमच्या परभणी जिल्ह्यातलं, जनाबाईचं गाव. जनाबाईच्या अभंगात विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. मग शेकडो वर्षं जात्यावर बसणाऱ्या बायकांनी ती गोष्ट उचलली आणि आपल्या मनाने पुढे नेली. ओव्यांमधली रुक्मिणी जनीवरून विठ्ठलाशी भांडते, घरातल्या बाईने भांडावं तशी. सीतेचा वनवास सांगता सांगता सांगणारीचं सासर त्यात कधी शिरतं ते कळतही नाही. गी पॉईटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या चमूने अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी गायलेले बाबासाहेब आहेत, अगदी घरातल्या माणसासारखे. एकीने म्हटलेलं दुसरीने उचलायचं, तिसरीने फिरवायचं. आमची वही याहून वेगळं काही करत नाही. उलट त्या बायका दळतसुद्धा होत्या.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, उदगीरकडच्या कोणत्याही शेतात जा. कडब्याची कोप, तिच्यात चुना फासलेले पाच दगड: पांडव. हस्तिनापूर कुठे, हरभऱ्याचं रान कुठे! पण ज्याच्या त्याच्या शेतात ज्याचे त्याचे पांडव आहेत आणि ते आंबील पिऊन जातात.

पण मूळ गोष्टीत ढवळाढवळ केल्याचं पाप लागत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जुना आहे आणि त्याचं उत्तर पैठणला आहे.

एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला होता होता लोकांनी आपापल्या ओव्या तिच्यात घुसडल्या होत्या. नाथांनी ते निवडून काढलं आणि शेवटी बजावलं, की यापुढे जो कुणी ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी.

आता गंमत बघा. हेच नाथ भारुडं लिहिताना कधी विंचू चावलेला माणूस होतात, कधी जोशी, कधी आंधळा, कधी बहिरा. दुसऱ्याच्या तोंडून बोलायची हौस त्यांच्याइतकी कुणाला होती? म्हणजे त्यांचा राग पात्रं रचण्यावर नव्हता. दुसऱ्याच्या पोथीत गुपचूप आपलं घुसवून ते मूळचंच आहे असं भासवण्यावर होता. आमचा एकमेव कडक नियम इथूनच घेतला आहे: नरोटी ताटात नाही, ताटाशेजारी. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मूळ लेखकाचं नाव आणि ‘हे आमचं’ असे दोन शब्द.

लेखकाला कळलं तर तो चिडणार नाही का?

काही चिडतात, काही खूश होतात. होम्सवर नाटक बसवणाऱ्या विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने कॉनन डॉयलना विचारलं होतं, की होम्सचं लग्न लावू का? उत्तर आलं त्याचा मतलब असा: लग्न लाव, खून कर, तुला हवं ते कर. अर्थात डॉयल तेव्हा होम्सला कंटाळले होते. १८९३ सालीच त्यांनी त्याला धबधब्यात ढकललेलं होतं. प्रत्येक लेखक इतका मोकळा असेल असं धरून चालू नका.

कायद्याचं काय?

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क राहतो. १९६० साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून सगळ्यांचं झालं. डॉयल १९३० साली वारले, म्हणून होम्सशी आम्ही बिनघोर खेळतो. हयात लेखकांच्या पात्रांवरचं लेखन आम्ही विकत नाही, छापत नाही, स्पर्धेला पाठवत नाही. वहीत राहतं. पैशांचा विचार डोक्यात आला, की वकिलाला विचारा, मला नको.

पात्र सुचायचं कसं? मी तास तास बसते, काही येत नाही.

मोठ्या ठिकाणी शोधू नका. उदगीरच्या आमच्या ताईंनी वहीत पहिल्यांदा जे लिहिलं ते जसंच्या तसं देते:

‘जालना स्टेशनचा तारबाबू. उजव्या कानाने ठार बहिरा, डावा अर्धा. तार येऊ लागली की यंत्राच्या पितळी दांडीवर करंगळी टेकवतो. साहेबाला हे माहीत नाही. बायकोला माहीत आहे का, ते मी ठरवलेलं नाही.’

बस. नाव नाही, वय नाही, डोळ्यांचा रंग नाही. नवीन पोरं डोळ्यांच्या रंगावर पाऊण पान घालवतात. इथे एक करंगळी आहे आणि आख्खा माणूस दिसतो.

हा तारबाबू होम्सला पत्र पाठवतो अशी पुढची कल्पना होती. मग सुरू झाली मारामारी. नांदेडचा एक पोरगा म्हणाला, मनमाडहून जालना-परभणी-नांदेड करत सिकंदराबादला जाणारा लोहमार्ग १९००च्या सुमाराचा, त्याआधीचं पत्र चालणार नाही. ठरलं, १९०२. मग जालन्याच्या गुरुजींनी (वय ७४, निवृत्त, शंका काढण्यात पटाईत) समासात पेन्सिलने लिहिलं: ‘हा माणूस बाजारात हाली देतो की कलदार?’ निजामाच्या राज्यात हाली रुपया, इंग्रजांचा तो कलदार. आम्हा कुणाला हे सुचलंच नव्हतं. गुरुजींच्या आजोबांचं भुसाराचं दुकान होतं आणि दोन्ही नाणी वेगवेगळ्या डब्यात ठेवायचे, हे त्यांनी सत्तर वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

माझं पात्र सगळ्यात शूर, सगळ्यात हुशार आहे. सगळे हसतात. का?

कारण तुमच्या आधी ५० वर्षं लोक याच गोष्टीवर हसतायत. १९७३ साली पॉला स्मिथ या अमेरिकन बाईंनी ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या मालिकेच्या चाहत्यांसाठी एक छोटी टवाळी लिहिली. तिची नायिका मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सगळ्यात लहान अधिकारी, सगळे तिच्यावर फिदा. तेव्हापासून असल्या पात्राला मेरी सू म्हणतात.

माझं मत जरा वेगळं आहे. पहिलं पात्र मेरी सू असू द्या. सोळा वर्षांच्या पोरीने, जिला घरी पाणी भरल्याशिवाय पुस्तक हातात घेता येत नाही, स्वतःला एकदा तलवार दिली तर कुणाचं काय गेलं? हसू नका तिला. दुसऱ्या पात्राच्या वेळी फक्त एवढंच विचारा: याला काय जमत नाही?

पूर्ण लिहून झाल्यावरच दाखवावं ना?

नको! एवढ्या एका मुद्द्यावर मी भांडायला तयार असते.

पूर्ण झालेलं पात्र दाखवलं की समोरचा ‘छान’ म्हणतो आणि चहा पितो. तुमचं त्याचं नातं तिथे संपलं. ताईंच्या चार ओळींमधली शेवटची ओळ परत वाचा: ‘ते मी ठरवलेलं नाही.’ त्या एका ओळीमुळे अकराही जणांनी काही ना काही लिहिलं. अंबाजोगाईच्या वहिनींनी तारबाबूच्या बायकोला नाव दिलं. नांदेडच्या पोराने तिला लिहायला-वाचायला येतं असं ठरवलं, त्यावर वहिनी म्हणाल्या, १९०२ साली? कुणी शिकवलं? आणि त्यातून तिचा भाऊ जन्माला आला. दार उघडं ठेवल्याशिवाय शेजारीण आत येत नाही. पात्राचंही तसंच.

म्हणून आमच्यात रीत आहे: चार ओळी लिहा, आणि एक गोष्ट मुद्दाम ठरवू नका.

पात्र आपल्या बोलीत बोललं तर चालतं?

लंडनचा पोलीस बोलायला लागला तर नाही. आपला माणूस असेल तर बोललाच पाहिजे. पण सरसकट ‘लई’ आणि ‘हाय’ पेरलं की मराठवाडी होत नाही, ते सिनेमातलं गावंढळ होतं. नांदेडकडचा ‘करूलालो’ म्हणेल, बीड-परभणीकडचा ‘करायलो’. निजामाच्या काळचा कारकून असेल तर बोलण्यात दफ्तरी उर्दूही येणार. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाक्य वाचून दाखवा. ते थांबले, तर वाक्य चुकलं.

दुसऱ्याच्या पात्रात मी बदल केला तर?

विचारून करा. ही चूक मी केलेली आहे.

वही माझ्याकडे आली तेव्हा मला मोठी युक्ती सुचली. होम्स जालन्याला उतरतो, तारबाबूकडे एक नजर टाकतो आणि सांगतो: हा बहिरा नाहीच, सोंग करतो! कारण कुणाला काही ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याच्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात. मी नऊ पानं लिहिली, एका बैठकीत. इतकी खूश होते की रात्री परत उठून वाचली.

ताईंकडून काही आलं नाही. महिना गेला, दोन गेले. वही त्यांच्याकडेच अडकलेली. मी समजले, लग्नसराई आहे. पाचव्या महिन्यात त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. शाळेत मास्तर त्याला सोंगाड्या म्हणायचे. मागून टाळ्या वाजवून बघायचे.” मग थोडं थांबून, “तुम्हाला माहीत नव्हतं, ते कळतंय मला.”

मी काही बोलू शकले नाही. नऊ पानं फाडू का विचारलं, तर नको म्हणाल्या. त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आहे आणि खाली लिहिलंय: ‘होम्स चुकला.’ ती पानं अजून आहेत. नवीन माणूस आला की त्याला आधी ती दाखवतो.

तेव्हापासून आम्ही पेन्सिलने लिहितो. आणि पुढे जाण्याआधी ज्याचं पात्र त्याला एक प्रश्न विचारतो: यातलं काय हलवायचं नाही?

माझी कल्पना कुणी चोरली तर?

वहीत तारीख असते, सही असते. एवढ्याने भागतं. कल्पना म्हणाल तर ती तशीही हवेत असते. ‘बहिरा तारबाबू’ कुणालाही सुचेल, करंगळी सुचणार नाही. मात्र कुणी ओळच्या ओळ उचलून स्वतःच्या नावावर खपवली, तर त्याला सगळ्यांदेखत विचारा. आमच्यात हे एकदा झालं. पोरगा लहान होता, रडला, आता आमच्यात सगळ्यात चांगलं लिहितो.

मोबाईलला सांगितलं की तो क्षणात दहा पात्रं देतो. मग माणसं कशाला?

देतो, खरंय. एकाने आणली होती, वाईट नव्हती. आम्ही वाचली, ‘छान’ म्हणालो आणि चहा प्यायलो. कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही, कारण ज्याला विचारायचं तो समोर नव्हता. ज्याला हौस आहे त्याने जरूर वापरावं. वहीत मात्र माणसाच्या अक्षरातलंच घेतो.

कुणी वाचतच नाही. काय करू?

किती जण हवेत? तोक्योमधला कॉमिक मार्केट आज चाहत्यांनी स्वतः काढलेल्या पुस्तकांचा प्रचंड मोठा बाजार आहे, पण डिसेंबर १९७५ मधल्या पहिल्या वेळी ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. आमच्या वहीत पहिलं वर्षभर मी आणि अंबाजोगाईच्या वहिनी, दोघीच होतो. एक वाचणारा पुरतो. फक्त ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्याला ‘छान’ हेच उत्तर येतं. ‘याच्या बायकोला माहीत असेल का?’ असं विचारा.

घरचे म्हणतात, या रिकामटेकड्या धंद्यातून मिळतं काय?

लातूरला क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या पोरांचे आईवडील हे जास्त विचारतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, खोलीचं भाडं ते भरतात. परीक्षेच्या वर्षात आम्ही वही पाठवत नाही, असा नियमच केला आहे. पैसे मिळत नाहीत. मार्कही मिळत नाहीत.

बरं, पण खरंच मैत्री होते का यातून?

होम्सवाचून माझं आणि गुरुजींचं बोलणं व्हायचं काही कारण नव्हतं. वय वेगळं, गाव वेगळं, जात वेगळी, मतदान तर नक्कीच वेगळं. समोरासमोर बसवलं असतं तर पाच मिनिटांत हवामानावर आलो असतो. मधे तारबाबू असला की सरळ त्याच्याबद्दल बोलता येतं, आणि आपल्याबद्दल आपोआप बोललं जातं.

फोननंतरच्या येळवशीला ताईंनी शेतावर बोलावलं. मी घाबरतच गेले. कोपीत पांडव मांडलेले, भज्जीचं पातेलं एवढं मोठं की दोन माणसांनी धरावं. ताईंचा भाऊही होता. त्याने वही आधीच वाचली होती, माझी नऊ पानंसुद्धा. मी कानाच्या पाळ्या धरल्या, तर तो हसला आणि खुणेने ताईंना काही सांगू लागला. ताई म्हणाल्या, “तो म्हणतोय, करंगळी चूक आहे.” मग त्याने स्वतःच दाखवलं. बाजेशेजारच्या लाकडी पेटीवर आख्खा तळवा सपाट ठेवला आणि मला दुसऱ्या टोकाला टकटक करायला लावलं. मी वाजवत गेले, तो दुसऱ्या हाताने बोटं मोजून दाखवत गेला. एकदाही चुकला नाही. त्याचं म्हणणं, दांडीवर बोट ठेवलं तर साहेबाला दिसेल. टेबलावर तळवा ठेवून बसलेल्या कारकुनाकडे कोण बघतं?

इतक्या वर्षांची करंगळी त्या दुपारी खोडली. आता तळवा आहे.

अनोळखी माणसाला भेटायला जाऊ का?

दिवसा, चार माणसांत, घरी सांगून. वाचनालय किंवा उपाहारगृह बरं. अठराच्या आतल्या मुलामुलींना मोठं माणूस सोबत असल्याशिवाय आम्ही भेटत नाही. पात्राच्या आडून कुणी तुमचे फोटो किंवा पैसे मागू लागला, तर उत्तर न देता थांबा, सगळं जपून ठेवा. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० आणि लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे नंबर आहेत. लाजू नका.

मला तुमच्या वहीत यायचंय. कसं येऊ?

अकराच्या पुढे वही परत यायला वर्ष लागतं, म्हणून आता घेत नाही. तुमची काढा. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पेन्सिल दोऱ्याने बांधा, नाहीतर तिसऱ्या घरी हरवते. पहिल्या पानावर परतीचा पत्ता ठळक लिहा.

आमची वही एकदा एका बसस्थानकात राहिली होती. नऊ दिवस पत्ता नाही. दहाव्या दिवशी फोन आला, जाऊन घेतली. खिडकीतल्या माणसाने सही घेतली, बाकी काही बोलला नाही. घरी येऊन उघडली, तर ताईंच्या पहिल्या पानावर, ‘बायकोला माहीत आहे का’च्या खाली, निळ्या बॉलपेनने, अनोळखी अक्षरात लिहिलेलं होतं: ‘माहीत आहे. ती त्याला मागून हाक मारत नाही. पुढे येऊन बोलते.’